देवाला सोडलेलं पाडस

पाठीवर सॅक टाकून एकटी हिंडणारी पन्नाशीची बाई दिसली की आपल्याकडच्या लोकांना काय होतं, देव जाणे. सांगलीत विश्रामबागेतून एसटीत बसले तेव्हापासून चौकशा सुरू. एकट्याच? मालक नाही आले? देवाला निघालाय का? म्हटलं, नाही, हरणं बघायला. त्यावर शेजारच्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भांडून घर सोडलंय.

आमच्या सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य डोंगरात आहे आणि तिथंच महादेवाची जुनी देवळं आहेत. सगळा घोळ त्यातच आहे. लोक येतात देवाला आणि जाता जाता हरणांनाही हात जोडून घेतात. त्यात फाटकाशी पाटी लावलीय, 'या वनात हरणे सोडलेली आहेत.' लिहिणाऱ्याला वाटलं असेल, चला, माहिती दिली. अरे बाबा, पण आमच्या भागात 'सोडलेलं' म्हणजे काय ते कुणालाही विचार! देवाला सोडलेला वळू असतो ना गावात, तसं. तो कुणाच्याही रानात शिरला तरी त्याला काठी दाखवायची नाही. दिसला की पाया पडायचं आणि घास द्यायचा. मग काय, हरणांना पेढे, हरणांना खोबरं, हरणांना वेफर्स! एक गृहस्थ तर सांबराच्या तोंडापुढं सबंध पिशवी धरून उभे होते, प्लास्टिकची. मी बोलले तर म्हणाले, "खातंय की आवडीनं."

सकाळी मात्र डोळ्यांचं पारणं फिटलं होतं. वरच्या माळावर काळविटांचा कळप, मधोमध शिंगं मिरवत चालणारा काळाभोर नर, आणि आसपास माणूस नाही. तेवढ्यावर मी परत फिरले असते तर दिवस सुखाचा गेला असता.

दुपारी खाली उतरताना पायवाटेच्या वळणावर एक म्हातारी आणि तिचा मुलगा गवतात वाकून उभे दिसले. जवळ गेले तर चितळाचं पाडस. पोट जमिनीला टेकलेलं, कान पडलेले, हालचाल म्हणून नाही. आणि त्याच्या कपाळावर हे एवढं हळदकुंकू!

"आवं ताई, बगा की, आईनं टाकलंय ह्येला," म्हातारी म्हणाली. "देवळाकडं जाताना बी हितंच व्हतं. ल्योक म्हनतोय घरला न्यावं. मिलिट्रीतनं सुट्टीवर आलाय त्यो."

"टाकलं नाही हो, लपवलंय!" मी म्हटलं. "आई चरायला गेली की पिलू असंच गप पडून राहतं. तुम्ही इथं उभे आहात म्हणून ती येत नाही. ती बघा!"

करवंदीच्या जाळीमागे ती उभी होती. मान ताठ, एक पाय सारखा जमिनीवर आपटत होती. मुलानं तिकडे एक नजर टाकली.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. ती दुसरीच असंल. घरी गाय हाय, दुधावर जगवतो. हितं कुत्री फाडतील ह्येला." आणि त्यानं टॉवेलात गुंडाळून पाडस उचललं सुद्धा. त्या पोरक्या होऊ घातलेल्या जिवानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. जाळीमागून आईच ओरडली.

माझं डोकंच फिरलं. कायदा सांगितला, गुन्हा सांगितला, फॉरेस्टवाल्यांना बोलावते म्हणाले. फोनला रेंज नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं. "पुण्याचं काम करतोय मॅडम," असं हसून म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला. मी वाटेत आडवी आले तर बाजूनं निघाला. पाडस कायमचं जाणार आणि मी सॅक घेऊन नुसती बघत बसणार!

तेव्हा माझी माहेरची, औंधकडची बोली आपोआप तोंडात आली. "आवं मावशी! फाटकावर वाचलं न्हाई व्हय? सोडलेली हायेत ही! देवाला सोडलेलं जनावर कुनी घरला नेऊन दाव्याला बांधतं व्हय?"

म्हातारी जागच्या जागी थबकली. "आगं बया बया! ठेव रं खाली. आदी ठेव!"

"आये, पर..."

"गप! हुतं तितंच ठेव!"

ठेवलं त्यानं. म्हातारी पाडसाच्या पाया पडली, मग मला हात जोडून म्हणाली, "लय बरं झालं बाई तुमी बोलला. केवढं पाप घडलं असतं."

मी खदखदत होते. पाप कसलं, तर देवाच्या वस्तूला हात लावल्याचं! आईदेखत तिचं लेकरू उचललं, त्याचं काहीच नाही? ती तिथं जिवाच्या आकांतानं पाय आपटतेय ते दिसलं नाही, पाटीवरचा एक शब्द तेवढा दिसला. आणि तो तरी मलाच दाखवावा लागावा!

ते गेल्यावर मीही लांब जाऊन खडकाआड बसले. बराच वेळ स्वतःशीच भांडत होते. मग ती आली. थांबत, कानोसा घेत. पाडसाला हुंगलं, दचकून मागे सरली, पुन्हा आली. त्याला दूध पाजायच्या आधी तिनं कपाळावरचं हळदकुंकू चाटून चाटून साफ केलं.