आयलीची रबरी मासळी

आयली कांगासला अर्धांगाचा झटका आला तो ऐन बर्फात. वसंतापर्यंत पाय सावरले, जीभ सावरली. डावा हात मात्र मनगटापासून गेला तो गेलाच. सत्तरी ओलांडलेली ही बाई. जन्मभर शाळेची बस चालवली, आणि सुटीच्या दिवशी एकटीच होडी काढून तळ्यावर वॉलआय धरत राहिली. काचेसारख्या डोळ्यांचा हा मासा खायला गोड, पण गळाला तोंड लावण्यात भारी नखरेल.

बर्फ वितळलं तसा मुलगा डेल डुलूथ शहरातून आला आणि थेट होडीबद्दलच बोलू लागला.

"आई, आता पुरे. विकून टाकू ती."

"का? मी मेले का?"

"एका हातानं गळाला आमिषाची जळू कशी लावणार तू?"

घोडं तिथंच अडलं होतं. तिनं गुपचूप करून पाहिलं होतं. गळ गुडघ्यांत धरावा तर जळू निसटायची, जळू दाबावी तर गळ बोटात घुसायचा. पण हे डेलला सांगेल तर ती आयली कसली!

दुसऱ्या दिवशी ती ऑर्विलच्या दुकानात गेली. अख्खं गाव गळ आणि आमिष त्याच्याकडूनच घ्यायचं.

"रबरी मासळी दाखव."

ऑर्विल खो खो हसला. "एवढ्या गार पाण्यात? वॉलआयला जिवंत आमिष लागतं, बाई. ही खेळणी मी गिऱ्हाइकांसाठी ठेवलीत, माशांसाठी नाही."

"मग मी गिऱ्हाईकच आहे ना? काढ."

एकेक मासळी तिनं चिमटीत दाबून पाहिली. रुंद, फडफडत्या शेपटीच्या बाजूला सारल्या. गारठलेला मासा असल्या धांदलीमागे धावत नाही, त्या उन्हाळ्यात चालतात. बोटभर लांबीच्या, बारीक सरळ शेपटीच्या, अगदी लुसलुशीत तेवढ्या घेतल्या. तळ्याचं पाणी चहासारखं तांबूस, म्हणून रंग भडक पिवळा-हिरवा.

"पोपट धरायला निघालीस का?" ऑर्विल म्हणाला.

"सापडला तर तुझ्या दुकानात आणून टांगते. तेवढीच शोभा!"

घरी येऊन तिनं होडीच्या फळीवर छोटा लोखंडी शिकंजा ठोकला. शिशाच्या डोक्याचा गळ त्यात आवळायचा आणि उजव्या हातानं रबर वर सरकवायचं. पहिल्या वेळी तिरकं बसलं. तिरकी मासळी पाण्यात गरगर फिरते, मासा ओळखतो. तिनं उपसून पुन्हा घातलं. पुन्हा तिरकं. तिच्या कपाळावर घाम आला.

"दे इकडे," डेल म्हणाला.

"हात लावलास तर तळ्यात ढकलीन."

शेवटी सरळ बसलं. डेलला तिला एकटीला सोडवेना, म्हणून तोही होडीत बसला. आयलीनं होडी वाऱ्यावर सोडली, गळ तळाशी टेकू दिला आणि गळाची काठी हळूच उचलून खाली, उचलून खाली, असं चालवलं. शेजारच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "आजीबाई, चघळायचं रबर लावलंय म्हणे!" तिनं मान वळवली नाही.

गळाचा दोरा, तंगूस, टकटकला. तिनं झटका दिला, काठी मांड्यांत आवळली, उजव्या हातानं रीळ फिरवलं. मासा वर आला, त्याचा डोळा चमकला, आणि मासा उचलायच्या जाळ्याकडे हात नेईपर्यंत सुटला.

तिनं एक शिवी हासडली आणि गळ पुन्हा पाण्यात टाकला. या वेळी जाळं आधीच पायाशी ठेवलं. तास गेला असेल. पुन्हा टकटक. मासा जेमतेम दीड वीत, फुशारकी मारण्याजोगा मुळीच नव्हता, पण जाळ्यात आला. आयलीला एकदम हसू फुटलं; अर्ध्या तोंडाचं, वाकडं, पण मोठ्यानं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं माशाचं डोकं कापायच्या फळीवरच्या खिळ्यात अडकवलं आणि सुरी उचलली. डेल सवयीनं पुढं झाला.

"बाजूला हो," ती म्हणाली. "तू बटाटे सोल. त्याला दोन हात लागतात."