इल्या मार्कोविचांचा श्रोता

दाबकेकाका गाण्याच्या कार्यक्रमाला येताना स्वतःची खुर्ची घेऊन येत. आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होतात आणि तिथल्या खुर्च्या चांगल्या गुबगुबीत, लाल मखमलीच्या आहेत. काकांना त्या चालत नसत. ते गाडीच्या डिकीतून पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची काढत, पहिल्या रांगेच्या कडेला मांडत आणि पाठ ताठ ठेवून बसत. "मऊ खुर्चीत कान आधी झोपतात, माणूस नंतर," असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारी कुणी पेंगायला लागलं की त्याच्या दंडात बोट खुपसत. एकदा ते बोट मंडळाच्या अध्यक्षांच्या दंडात गेलं. अध्यक्ष दिवसभर प्लँटवर उभे राहून आले होते, ते चिडले. "घरी जाऊन झोपा की," काका शांतपणे म्हणाले, "पोरगी गातेय तिथं."

कार्यक्रम संपला की लोक जेवणाच्या रांगेकडे पळत आणि काका विंगेत जात. तिथे प्रत्येकाला, अगदी बेसूर गाणाऱ्यालाही, आपण काय ऐकलं ते सांगत. स्तुती नाही, टीका नाही, नुसतं ऐकलेलं. माझी मुलगी इरा लहान असताना कीबोर्डवर एक धून वाजवून आली, तर तिला म्हणाले, "दुसऱ्यांदा वाजवलंस तेव्हा घाई झाली तुझी. मग डाव्या हाताने सावरून घेतलंस. ते मी ऐकलं." इरा गाडीत बसल्यावर म्हणाली, "मम्मा, ही वॉज ॲक्चुअली लिसनिंग." ती वाजवत होती तेव्हा आम्ही दोघं आईबाप मोबाइलवर शूटिंग करण्यात गुंतलो होतो.

काका मूळचे नाशिकचे. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या घरघराटात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. काकू नातवंडांसाठी नाशिकला परतल्या होत्या आणि काका इथे कुवेतमध्ये, अबू हलीफात, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. त्यांच्याकडे कधीही गेलं तरी घर मुकं. ऐकण्याचा इतका सोस असलेल्या माणसाच्या घरात साधा रेडिओही वाजत नाही, याचं मला नवल वाटे. विचारलं तर म्हणाले, "भांडी घासता घासता ऐकणं म्हणजे अपमान आहे गाणाऱ्याचा. बसायला सवड असली तरच लावतो."

मी इथल्या एका इस्पितळात ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासायचे आणि गरज पडली तर श्रवणयंत्रं बसवून द्यायची, हे माझं काम. डॉक्टर नाही मी. पण काका मला 'डॉक्टरीणबाई'च म्हणत. गेल्या वर्षी थंडी सरता सरता ते एके दिवशी माझ्याकडे पेशंट म्हणून आले. "वरचं ऐकू येईना झालंय," ते म्हणाले. "परवाच्या कार्यक्रमात बासरीवाल्याची बोटं हलत होती आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं."

तपासणीच्या बंद खोलीत पेशंटला हेडफोन लावून बसवतात आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. बहुतेक लोक थोडी लबाडी करतात. अंदाजाने दाबतात, कान चांगले ठरावेत म्हणून. काकांचं उलटंच. बटण दाबायला ते तयारच होईनात. "पुसटसं वाटलं तरी दाबा, काका," मी म्हणाले. "वाटलं म्हणून दाबू? ऐकलं तर दाबतो." दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. निकाल मला अपेक्षित होता तसाच आला. इतक्या वर्षांच्या कॉम्प्रेसरनी वरचे सूर खाऊन टाकले होते. मी स्पष्ट सांगितलं की यंत्राने बोलणं समजेल, संगीतही बरंचसं येईल, पण सगळ्यात वरचं जे गेलं ते गेलं.

"आणि पियानो?" त्यांनी विचारलं.

आमच्या ओळखीत कधी न निघालेला विषय त्या दिवशी निघाला. काका तरुणपणी सोव्हिएत काळात बाकूला तेलाचं इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. पहिलं वर्ष नुसतं रशियन शिकण्यात जाई. ते शिकवणाऱ्या बाई, रईसा पावलोव्हना, दर रविवारी या नाशिकच्या पोराला घरी सूप प्यायला बोलवत. त्यांचे यजमान इल्या मार्कोविच हे संगीतकार. तुम्ही आम्ही नाव ऐकलं असण्याचा संभवच नाही. त्यांच्या देशातही ते फार कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलांच्या कार्टूनना संगीत देऊन त्यांचं घर चाले.

"स्वतःचं काही लिहिलं की सरकारी कमिटीपुढे वाजवून दाखवायला लागायचं," काका सांगत होते. "कमिटी ऐकायची, मान डोलवायची आणि म्हणायची, सगळं छान आहे, शेवट तेवढा आशादायक करा. तिकडे शेवट आनंदी असायलाच लागायचा. एक सोनाटा होता त्यांचा पियानोसाठी. अख्खा काळोख. त्याला शेवटी धडाडधूम विजयाचं शेपूट जोडलं तेव्हा कुठं छापला. खरा शेवट ते फक्त घरी वाजवायचे. म्हणजे एकदाच वाजवला. ऐकायला कोण, तर बायको, शेजारच्या एक आजी आणि मी."

 मग काका म्हणाले की इल्या मार्कोविचांची नात, नीना, जर्मनीत पियानो वाजवते आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून तिने आपल्याला शोधून काढलंय. सोव्हिएत देश मोडला त्या धामधुमीत त्या कुटुंबाला बाकू सोडावं लागलं. हस्तलिखितं मागेच राहिली आणि गेली. आजोबा, आजी, शेजारीण, सगळे वारले. नीनाला तो सोनाटा मैफलीत वाजवायचा होता, पण छापील शेपटासकट नाही. खरा शेवट ऐकलेला जिवंत माणूस आता एकच होता. काही जुन्या टिपणांवरून तिने अंदाजाने एक शेवट रचला होता आणि तो बरोबर आहे का, एवढंच तिला काकांकडून हवं होतं.

मला तर स्फुरणच चढलं. माझ्या साध्यासुध्या कामात असा प्रसंग कुठला यायला. श्रवणयंत्राला एक खोड असते. लांब धरलेला सूर त्याला आपलीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबून टाकतं. संगीतासाठी ही खोड बंद करून द्यावी लागते. मी ती बंद केली, पुन्हा पुन्हा बोलावून आवाज जुळवले. काका हसून म्हणाले, "म्हणजे यंत्राच्या पोटातही कमिटी बसवलीय तुम्ही लोकांनी." पण नीनाशी बोलायची वेळ आली की ते टाळायचे. कान अजून बसले नाहीत म्हणायचे, धुळीचं वादळ आहे म्हणायचे. नोकरी संपली होती, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता, सामान नाशिकला चाललं होतं. शेवटी मीच त्यांच्यावर डाफरले. "ती मुलगी तिकडे जीव टांगणीला लावून बसलीय आणि तुम्हाला धुळीचं सुचतंय."

एका गुरुवारी दुपारी, पेशंट संपल्यावर, मी तपासणीच्या खोलीतच लॅपटॉप मांडला. नीना पडद्यावर आली. चाळिशीची, दमलेल्या डोळ्यांची बाई. माझ्याशी इंग्रजीत बोलली आणि काकांशी रशियनमध्ये. ते मला मराठीत सांगत गेले. तिने सोनाट्याचा शेवटचा भाग आधी छापील शेवटासह वाजवला. माझा लॅपटॉप टेबलावर थरथरला. मग तिचा शेवट वाजवला. तो वर वर चढत, विरळ होत जाणारा होता. अगदी अखेरचे सूर तर नखाने काचेवर हलकेच टिचकी मारावी इतके बारीक. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते सूर त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

नीनाने हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत राहिली.

 काका रशियनमध्ये हळूहळू बोलू लागले. बोलून झाल्यावर माझ्याकडे वळले. "तिला सांगितलं मी, की मी झोपलो होतो."

मला कळेना.

"परीक्षा होती. रात्ररात्र जागलो होतो. घर उबदार, पोटात सूप, आणि बसायला त्यांची मऊ आरामखुर्ची. अर्ध्यात डोळा लागला माझा. त्या माणसाने आयुष्यात एकदा खरा शेवट वाजवला, आणि तीन माणसांतला एक घोरत होता. आजवर कुणाला सांगितलं नाही. वाटलं होतं, झोपेत तरी कानावर पडलं असेल, ऐकलं की ओळखीचं वाटेल. नाही वाटलं."

मला त्यांचा राग आला नाही. पण नीनाकडे बघायची हिंमत होईना.

नीनाने काहीतरी विचारलं. "जाग कशाने आली म्हणते," काका मला म्हणाले आणि तिला उत्तर दिलं. वाजवून झाल्यावर रईसा पावलोव्हनांनी टेबलावरचा चमचा उचलला, तो बशीला लागला, तेवढ्याने. हॉस्टेलमध्ये राहून झोप सावध झाली होती.

नीना पियानोकडे वळली आणि तिने तो छापील शेवट पुन्हा वाजवला, दोन्ही हातांनी, पूर्ण जोरात. मग तिने एकच प्रश्न विचारला. तो मला भाषांतराशिवाय समजला. त्या दिवशी असं काही वाजून तुम्हाला जाग आली नाही?

"नाही," काका म्हणाले.

ती पहिल्यांदाच हसली. तिच्या दृष्टीने साक्ष मिळाली होती. खरा शेवट हळुवार होता, चमच्याच्या आवाजाहून हळू. पण काका हसले नाहीत. लॅपटॉप बंद केल्यावर म्हणाले, "भला माणूस होता. पोरगं झोपलंय बघून मुद्दामच हळू वाजवलं असेल त्यांनी. म्हणजे खरा शेवट मी त्यांना एकदाही नीट वाजवू दिला नाही." मी खूप समजावलं. त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली, म्हणजे माझं समजावणंही संपलं.

ते नाशिकला गेले. वरच्या मजल्यावर आता एक केरळी कुटुंब राहतं. ते निघताना इराने त्यांना विचारलं, परत कधी येणार. "बोलावलंस तर ऐकायला येईन," ते म्हणाले. तिने बोलवायच्या आत हृदयाने दगा दिला. पावसाळा संपायच्या सुमारास काकूंचा फोन आला. इराला सांगितलं तर ती आपल्या खोलीत गेली, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

त्याच्या थोडे दिवस आधी नीनाची मैफल झाली होती. जर्मनीत रविवारची सकाळ, कुवेतमध्ये कामाचा दिवस आणि नाशिकला जेवणं आटोपून घरं आडवी होण्याची वेळ. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर थेट बघितली. शेवट तिने आपला तो हळुवारच वाजवला. सगळ्यात वरच्या पट्ट्यांवर जाऊन तो इतका क्षीण झाला, की संपला कधी ते मलाही नीट कळलं नाही. मी लगेच नाशिकला फोन लावला. काकांशी माझं ते शेवटचं बोलणं.

"ऐकू आलं का, काका?"

"नाही," ते म्हणाले. "शेवटचं पान तर काहीच नाही. नुसती बोटं दिसत होती तिची." मग म्हणाले, "पण जागा होतो, डॉक्टरीणबाई. तिने हात उचलून मांडीवर ठेवले तोपर्यंत जागा होतो."