शेवटच्या पानापासून वाढणाऱ्या कुमुदताई

कुमुदताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. बदली होऊन मी भोपाळला आलो, तेव्हा सोनागिरीतल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीची पंगत होती. मी मोक्याचं पहिलं पान धरून बसलो. श्रीखंडाचं पातेलं घेऊन एक बाई आल्या, माझ्यासमोरून तरातरा निघाल्या आणि थेट शेवटच्या पानापाशी गेल्या. उलट्या बाजूनं वाढत माझ्यापर्यंत पोचल्या, तेव्हा पातेलं खरवडावं लागलं. मी बोललोच, "पहिल्या पानानं काय घोडं मारलंय?" त्या म्हणाल्या, "पहिल्या पानाला उशिरा का होईना, मिळतं. शेवटच्याला नुसतं संपल्याचं कळतं." एकाच कारखान्यात आम्ही निवृत्तीपर्यंत काम केलं, त्या तपासणी विभागात अभियंता आणि मी खरेदीत. पण शेवटच्या पानाचं ते काही मला पुरतं पटलं नाही.

निवृत्तीनंतर ताईंनी हाच हट्ट इंटरनेटच्या तारेला लावला. कोलार रोडच्या नव्या सोसायट्यांच्या दारात कंपन्या रांगा लावून उभ्या असतात. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांमागच्या वस्तीकडे मात्र कोणी फिरकत नव्हतं, आणि पत्र्याच्या शेडच्या दाटीत मोबाइलची रेंजही हरवायची. ताईंनी आम्हा सात-आठ निवृत्तांना गोळा केलं आणि वस्तीत फायबर ओढायचं ठरवलं. नियम एकच, सुरुवात गल्लीतल्या शेवटच्या घरापासून. रस्त्याकडून सुरुवात केली की आतल्या घरांपर्यंत पोचण्याआधी उत्साह संपतो, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पण रस्त्यावरच्या खांबाला जोड मिळेपर्यंत ती सगळी तार निर्जीव, हे मी बजावून सांगितलं होतं.

शेवटचं घर सावित्रीबाईंचं. त्या जन्मापासून ऐकू-बोलू शकत नाहीत, लिहिता-वाचताही येत नाही. हातखुणा हीच त्यांची भाषा, आणि ती पुरती येणारी एकच व्यक्ती, त्यांची मुलगी रेखा. ती लग्न होऊन सुरतेला गेलेली. व्हिडिओ कॉल लावला की चित्र गोठायचं, रेखाचा हात पोटावर अर्धवट थांबलेला दिसायचा, आणि ती बरं आहे म्हणतेय की दुखतंय म्हणतेय, हे आईला कळायचं नाही. ताईंनी थोड्या खुणा शिकून घेतल्या. चुकल्या की सावित्रीबाई त्यांच्या बोटांवर चापटी मारत, आणि ताई मुकाट्यानं पुन्हा करत.

काम संपत आलं असताना एके दिवशी दुपारी रेखाचा ताईंना फोन आला. बाळंतपण अडलं होतं, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. "मैडम, माँ को देखे बिना मैं अंदर नहीं जाऊँगी." इकडे सावित्रीबाई घसरून पडलेल्या, कंबरेपर्यंत प्लास्टर, आणि खाट त्या गल्लीतून बाहेर निघत नव्हती. तार सगळ्या घरांवरून आली होती. उरलं होतं रस्त्यावरचं कोपऱ्याचं एकच घर, साहूजींचं. खाली किराणा दुकान, वर खांबाला लागून असलेली गच्ची, आणि त्या गच्चीला कुलूप.

"सबके घर हो आईं आप, हमारे यहाँ झाँकीं तक नहीं," साहूजी म्हणाले. "अब तार निकालना है तो हम याद आए?"

माझा पारा चढला. मी पोलिसांचं नाव काढलं आणि साहूजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. झालं, आगीत तेल! ताई मला म्हणाल्या, "वामनराव, गुस्सा नंतर करा." रेखाचं नाव सांगा की त्यांना, असं मी कानाशी पुटपुटत होतो. ताईंनी मानेनंच नको म्हटलं.

त्या शटरखाली वाकून म्हणाल्या, "साहूजी, गलती मेरी है. सबसे पूछा, आपसे नहीं पूछा. मैंने सोचा, सड़क वाले घर को क्या कमी. छत आपकी है, फ़ैसला भी आपका." आणि चक्क वळल्या.

"रुकिए," साहूजी म्हणाले. "चाय पीके जाइए."

ताई बसल्या! माझ्याकडे सोपवलेला त्यांचा फोन खिशात वाजत होता, सुरतेहून. चहा उकळत होता, जोडणीवाला इरफान शिडी धरून रस्त्यात उभा होता आणि ताई साहूजींच्या नातवाचं नाव विचारत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला. कप अर्धा झाला तेव्हा साहूजींनी गल्ल्यातून किल्ली काढून इरफानकडे फेकली.

आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा राउटरवर हिरवा दिवा लागला होता. पडद्यावर रेखा स्ट्रेचरवर. सावित्रीबाईंनी तळवा स्वतःच्या पोटावर ठेवला, मग कपाळावर, मग मूठ छातीवर घट्ट. पलीकडे रेखानं तेच केलं, आणि तिचा हात या वेळी कुठेही गोठला नाही. मग तिला आत नेलं. ते दार उघडेपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी जावयानं पडद्यावर बाळ धरलं आणि मागे रेखानं हात हलवला. मी रडलो, लपवत नाही.

परतताना मी ताईंना विचारलं, रेखाचं का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "भीड पडून दिलेली परवानगी टिकत नाही, वामनराव. आणि आपलं कोणाला विचारायचं राहिलं होतं? साहूजींनाच. या खेपेला शेवटचं पान तेच होतं." श्रीखंडाचं भांडण माझ्यापुरतं त्या दिवशी मिटलं.

ताईंच्या अमृतमहोत्सवासाठी हा लेख लिहायचा, तर शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्यायच्या, हे मला सुचेना. म्हणून एकदा ताईंबरोबर गेलो असताना, त्यांच्याकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या खुणांनी सावित्रीबाईंना विचारलं, तुमच्या भाषेत 'खूप जगा' कसं म्हणतात? त्यांनी चिमटीत जणू एक धागा धरला, ताईंच्या छातीपासून तो हळूहळू लांब ओढत नेला. हात पुरेना, तेव्हा काठी टेकत उठल्या, उंबरा ओलांडला, आणि तो धागा ओढत गल्लीतून रस्त्याच्या दिशेनं चालत राहिल्या.