सासूबाईंची ओळ

आज विरळणीची कात्री हातात घेतली आणि कोवळ्या देठांचा हिरवट, आंबूस वास बोटांना लागला. त्या वासासरशी दिंडोरीच्या आमच्या बागेतली खूप वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

वाइनची द्राक्षं आम्ही तेव्हा पहिल्यांदाच लावली होती. जन्मभर खायची द्राक्षं पिकवलेल्या सासूबाईंना ते बारीक मण्यांचे गच्च घड बघवेनात. "लोक म्हणतील, बाग उपाशी ठेवली," असं म्हणत त्यांनी मणी कोवळे असतानाच एक अख्खी ओळ विरळून टाकली, म्हणजे उरलेले मणी तरी टपोरे होतील.

पुढे तोडणीच्या तोंडावर वायनरीचा माणूस गोडी तपासायला आला आणि नेमका त्या ओळीपाशी थांबला. "मावशी, वाइनला मणी बारीकच लागतात. साल जास्त मिळते, आणि वाइनचा रंग, चव सालीतूनच येते. हा माल नाही चालायचा."

सासरे उगाच डोक्यावरची टोपी नीट करू लागले. मी खाली बघत राहिले. सासूबाईंनी मात्र शांतपणे एक मणी तोंडात टाकला, चावला आणि बिया बांधावर थुंकल्या.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "ही ओळ घरच्यांना खायला."

त्यांनी वेळ मारून नेली, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता त्या नाहीत. बाकी बागेचा माल वायनरीला जातो, पण ती एक ओळ मी दरवर्षी विरळते. नातवंडं तिथेच उभी राहून द्राक्षं खातात, आणि बी कोण जास्त लांब थुंकतं याची पैज लावतात.