पालमच्या समुद्रकिनारी सुप्रियाचं लग्न

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं. त्याचा त्रास मात्र लेकीचं लग्न ठरल्यावर सुरू झाला.

सुप्रिया पुण्यात नोकरीला. नवरा मुलगा अनिकेत, आपल्या सेलूचाच, तोही पुण्यात. दोघांनी ठरवलं की लग्न करायचं ते समुद्राकाठी, वाळूत, अनवाणी पायांनी!

"पप्पा, आपल्या बौद्ध पद्धतीत पांढरे कपडे तर असतातच. फक्त समुद्र लागतो," सुप्रिया म्हणाली. जणू समुद्र म्हणजे येताना दुकानातून आणायची वस्तू!

अनिकेतच्या आईनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, फोनवरच निकाल दिला. "आमचे म्हातारे-कोतारे कोकणात न्यायचे न्हाईत. सेलूत हॉल हाय, पंखे हायत. लगीन तिथंच."

पोरीनं तोंड पाडलं. अशा वेळी शहाणा बाप गप्प बसतो. मी पालमच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेली. गप्प बसायचं मी फक्त पोरांना शिकवलं. मी म्हणालो, "समुद्र कशाला पायजे? आपली गंगा हाय की!" (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.) "पात्रात मायंदाळ वाळू पडलीय. मांडव मी घालतो, सजावट मी करतो. समदं घरचं. जिम्मेदारी माझी!"

आमची शकुंतला भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आवो, तुमी घरी केलेला आकाशकंदील पेटला होता."

"पेटवायलाच असतो तो," मी म्हणालो.

विहीणबाई कबूल झाल्या, पण एका अटीवर. "दादा, माझ्या पाहुण्यांची फजिती झाली तर मी तिथल्या तिथं वरात उठवीन आन् सेलूच्या हॉलमधी लगीन लावीन. मग म्हणू नका." बाई बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या. सुप्रियानं माझा हात धरला. "पप्पा, जमेल ना?" मी नुसतं हसलो. (न जमणारी कामं मी नेहमी हसूनच अंगावर घेतो.)

जागा मी झकास शोधली. काठापासून थोडं आत वाळूचा एक उंचवटा, आणि मधे घोटाभर पाण्याची बारकी धार. स्वयंपाक अलीकडं झाडाच्या सावलीत, लग्न पलीकडं वाळूत. बांबू रोवले आणि गल्लीतल्या बायकांच्या पांढऱ्या साड्या मागून आणून मांडव केला. मागं पडदा लावला. त्यावर मी स्वतःच्या हातानं समुद्र रंगवला होता. लाटा, नारळाची झाडं आणि मधोमध एक भला मोठा देवमासा.

आमचा दोस्त मारुती भोई गंगेत मासे धरतो. त्यानं पडद्याकडं बराच वेळ बघितलं. "मास्तर, चित्र लय भारी. पण म्हैस खोल पाण्यात बसवली जी!"

लग्नाच्या सकाळी सेलूच्या पाहुण्यांच्या जीपा आल्या आणि काठच्या वाळूत चाकं रुतून बसल्या. वरात पायी निघाली. बुटात वाळू, चपलेत वाळू, नवरदेवाच्या खिशात वाळू. "हेच तर पायजे होतं!" अनिकेत आनंदानं ओरडला. त्याच्या आईचा चेहरा मात्र सेलूच्या हॉलकडं वळलेला.

धार ओलांडून मंडळी लग्न लावणाऱ्या भंतेजींसमोर खुर्च्यांवर बसली, तेव्हा मला एक नवीन गोष्ट कळली. वाळूत प्लास्टिकची खुर्ची माणसाच्या वजनाप्रमाणं खाली जाते! बारीक माणसं वर राहिली. अनिकेतचे मामा अंगानं भरलेले. त्यांच्या खुर्चीचे मागचे पाय आधी गेले. मामा हळूहळू उताणे होत होत आभाळाकडं बघायला लागले.

"कोणी तरी उचला मला!" मामा म्हणाले. "मला भंतेजी दिसनात!"

त्यांना उचलायला चौघं धावली, त्यातल्या एकाचा धक्का बांबूला लागला. वाळूतला बांबू, त्याला काय, निमित्तच हवं होतं. मांडव एका अंगानं बसला, वारा आत शिरला आणि शेजारच्या आत्याबाईंकडून मांडवाला आणलेली साडी सुटून पतंगासारखी वर गेली. "आगं माय, माझी ठेवणीतली!" म्हणत आत्याबाई तिच्यामागं पळत सुटल्या. वऱ्हाडातले निम्मे लोक आत्याबाईंच्या मागं!

"आवो," शकुंतला माझ्या कानाशी आली. "धार रुंद व्हायलीय."

"भास होतोय तुला."

"मग माझ्या चपला वाहून चालल्यात, तो बी भासच का?"

मी वळून बघितलं. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं होतं! कळवलं असेल त्यांनी कुणाला तरी, पण मी गावात विचारलं होतं कुठं? मला वाळू दिसली आणि मी मांडव घातला. आता पाणी सावकाश, अगदी पाहुण्यासारखं, मांडवात येत होतं. लग्न इकडं, जेवण तिकडं, मधे गंगा!

"भरती आली!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मारुतीनं काठी खुपसून पाणी मापलं. "भिऊ नका. गुडघ्याच्या वर येत न्हाई." म्हाताऱ्यांना त्यानं आपल्या होडीत बसवलं. भंतेजी शांतपणे पाण्यात उभे राहिले. म्हणाले, "गारवा झाला, बरं झालं. सुरू करू या."

सुप्रिया आणि अनिकेत हातात हात घेऊन घोटाभर पाण्यात उभे राहिले. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. माझ्या ओठांवर शब्द होते, पण डोळे विहीणबाईंना शोधत होते. त्या सगळ्यांपासून बाजूला उभ्या होत्या. चपला हातात, साडीचा काठ वर खोचलेला, नजर खाली. मला वाटलं, संपलं. आता वरात उठली.

हार घालून झाले, फुलं पडली, तसा मी हात जोडून त्यांच्याजवळ गेलो. "ताई, लय फजिती केली मी. आता तुमी म्हणाल ते."

"हलू नका दादा," त्या म्हणाल्या. "पायाखालची वाळू सरकायलीय. गुदगुल्या व्हायल्यात." आणि ती करारी बाई लहान पोरीसारखी हसायला लागली. "मी कधी समुद्र बघितलाच न्हाई. तिथं बी असंच असतं का वो?"

"अगदी असंच," मी म्हणालो. (समुद्र मी तरी कुठं बघितला होता? नुसता रंगवला होता!)

मग लाजच गेली सगळ्यांची. मामा पँट दुमडून पाण्यात नाचले. वरण-भात, भाजी आणि बुंदी मारुतीच्या होडीतून आली. लोक पाण्यात उभ्यानं, पत्रावळी छातीशी धरून जेवले. दाताखाली बुंदी फुटली की वाळू, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागलं. माझा देवमासा पडद्यासकट सुटून नांदेडच्या दिशेनं निघून गेला. सुप्रिया माझ्या गळ्यात पडली, चिंब भिजलेली. तेवढाच वेळ मी गप्प होतो.

पुढं त्या लग्नाचे फोटो पालमभर फिरले. एके दिवशी गल्लीतले एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, "मास्तर, आमच्या पोरीला बी तसंच लगीन पायजे. गंगेत, वाळूत."

माझी छाती फुगली. मी कागद-पेन्सिल ओढली. "करू की! मांडव कसा पायजे?"

गृहस्थ घाईघाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, तसं न्हाई. तुमी फक्त कोणत्या दिवशी बाहेरगावी जायलाव, तेवढं सांगा. तारीख तीच धरतो."