सात दिवसांपेक्षा जुन्या नोंदी

रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टॅबलेटसमोर उभी होते. पाण्याची टाकी नव्वद टक्के भरली होती. "ताबडतोब या," एवढंच नर्स म्हणाली. मोटर बंद होईपर्यंत मी थांबले आणि मग निघाले... पोचले तेव्हा तुमचे आजोबा गेले होते. ईशान, मुक्ता, याला आता सात आठवडे झाले. तुम्ही फोनवर एक गोष्ट दोनदा विचारलीत आणि मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं. म्हणून हे लिहिते आहे.

नागापूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत आयुष्य गेल्यावर यांना घरी चैन पडेना. त्यांनी दारांना, टाकीला, फ्रिजलासुद्धा सेन्सर बसवले. नळाला पाणी कधी आलं, गच्चीचं दार कुणी उघडलं, सगळं टॅबलेटवर दिसायचं आणि साठत राहायचं. मेमरी भरत आली की ॲप अडायचं. मग रविवारी चष्मा कपाळावर चढवून हे बसायचे, नको ते फोटो, नको ती ॲप्स काढायचे, टॅबलेट बंद करून पुन्हा लावायचे. चार वर्षांच्या नोंदींना मात्र हात लावत नसत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, दर वर्षी जीर्ण पुस्तकं रद्द करायची यादी माझ्याच हातची. मला हा पसारा बघवत नसे.

"अहो, दोन वर्षांपूर्वी फ्रिज कधी उघडला, हे कुणाला हवंय?"

"मला हवंय. मी तुझ्या साड्यांबद्दल बोलतो का काही?"

मुक्ता, तुम्ही दोघं मे महिन्यात आला होतात, तेव्हाचं आठवतं? "एका दिवसात सतरा वेळा! चोर सापडला," म्हणत यांनी फ्रिजचा आलेख तुझ्यापुढे धरला होता. तुझ्या तोंडाला आंब्याचा रस. "आजोबा, धिस इज चीटिंग!" हे इतके हसले की ठसका लागला.

छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना दाखल केलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दूधवाले फाटकातून ओरडले, "काकू, टाकी वाहून चाललीय! लई पाणी गेलं गटारीत." ॲप अडलं होतं, मोटर आपोआप बंद झालीच नव्हती. मी बटण हाताने बंद केलं आणि रागारागाने टॅबलेट घेऊन बसले. सात दिवसांपेक्षा जुन्या नोंदी काढायच्या का, असं त्यात विचारलं होतं. मी 'हो' दाबलं. ॲप झरझर चालू लागलं. झटकलेलं कपाट बघून वाटतं तसं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी रुग्णालयात यांच्यापाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "घरचं ॲप कसं चाललंय?"

"छान चाललंय."

मग म्हणाले, "मुलं आली होती ना मेमध्ये, तो फ्रिजचा आलेख बघावासा वाटतोय. असेल ना?"

आजारी माणसाला कशाला सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. "आहे की. उद्या फोटो काढून आणते."

ते "बरं" म्हणाले आणि हातातला मोबाईल उशीखाली सरकवला. ती आमची शेवटची भेट.

तुम्ही दोघांनी तोच आलेख मागितलात, तेव्हा टॅबलेट बिघडला असं मी सांगितलं. तो बिघडलेला नाही. तेराव्यानंतर नातेवाइकांचे नंबर उतरवून घ्यायला मी यांचा मोबाईल चार्ज केला. त्यातही तेच ॲप होतं आणि त्याचा एक संदेश आलेला होता. चार वर्षांच्या नोंदी काढल्या आहेत, चोवीस तासांच्या आत त्या परत आणता येतील, संध्याकाळी पाच चाळीसपर्यंत. खाली लिहिलं होतं, सकाळी सात दहाला वाचला.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. परत आणायचं बटण त्यांच्याच हातात होतं, तरी त्यांनी आधी मला विचारलं. का, ते मला अजून नीट कळत नाही. रागावून विचारलं नव्हतं, एवढं नक्की. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी बहुधा मला चिडवलं असतं, बटण दाबलं असतं आणि मुक्ताची चोरी आम्ही दोघांनी मिळून पुन्हा पाहिली असती.

त्यांनी विचारलं तेव्हा दीड तासाहून जास्त वेळ शिल्लक होता.