जावेवर घेतलेला आळ

येशूवर विश्वास ठेवला आणि माझं तारण झालं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तुझ्यात काय बदल झाला असं प्रार्थनेच्या मंडळीत कुणी विचारलं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तोंडातल्या शिव्या गेल्या. मुलीवर हात उगारायची सवय सुटली. अमावस्येला उंबऱ्याबाहेर पाय टाकायला भ्यायचे, ते भय गेलं. हे सगळं खरं आहे. पण एक गोष्ट व्हायला फार वेळ लागला, आणि त्या वेळाची झळ माझ्या जावेला बसली. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते.

आमची वाडी डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला. दोन भावांचं घर एकच, मध्ये कुडाची भिंत घालून दोन चुली केलेल्या, अंगण सामाईक. मी लग्न होऊन आले तेव्हा चौथी शिकलेली सून म्हणून सासऱ्यांना माझं कौतुक होतं. थोरल्या जाऊबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण त्यांच्या हाताला गुण होता. वाडीत कुणी बाळंत झालं की बाळाला न्हाऊ घालायला त्यांनाच बोलावणं यायचं. पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला नडगीवर पालथं घ्यायच्या, पाठीवरून तेलाचा हात फिरवायच्या. कितीही किरकिरं पोर असलं तरी तीन-चार दिवसांत त्यांच्या पायावर गप व्हायचं. सव्वा महिना रोज सकाळी जायच्या. शेवटच्या दिवशी त्यांना चोळीचा खण मिळायचा, आणि तो अंगणात येऊन मला दाखवायच्या.

माहेराहून मी माझा पहिला मुलगा घेऊन आले तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी त्याची अंघोळ आपल्याकडे घेतली आणि तो सात महिन्यांचा होईपर्यंत सोडली नाही. त्यांचा आवाज आला की तो पाय झाडायचा. माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेप घ्यायचा. खरं लिहायचं तर ते मला बोचायचं.

सातव्या महिन्यात त्याला जुलाब लागले. पोट वाहतंय तर पाणी द्यायचं नाही, दिलं की आणखी वाहतं, असा आमच्याकडे समज होता. मी घट्ट धरून बसले. जाऊबाई दोनदा आल्या. दुसऱ्यांदा हातात पेजेची वाटी होती.

"अगं, पेज तरी पाज त्याला. डोळं बघ कसं आत गेल्यात."

मी म्हटलं, "तुमी नका सांगू. माझं लेकरू हाय."

त्या वाटी तिथेच ठेवून गेल्या. मी पाजली नाही.

मालक त्याला नदीपलीकडच्या देवऋषाकडे घेऊन गेले. त्याने तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं की करणी आहे, घरातलीच बाई आहे, वयानं मोठी आहे, पोराला रोज हात लावते. गंडादोरा झाला, लिंबू झालं, त्यात एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला निघालो. एसटीची वाट बघत फाट्यावर बसलो होतो, तिथेच माझ्या मांडीवर तो गेला.

सुतक फिटल्यावर मी हापशावर पाणी भरायला गेले. बायका हळहळत होत्या. एकीने विचारलं की देवऋषी काय म्हणाला. मी हंडा लावला आणि म्हटलं, "रोज हात कोण लावायचं, तुमीच बघा." एवढंच बोलले. नाव घेतलं नाही, ही माझी हुशारी. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझा हंडा भरायच्या आत सगळ्यांना कळलं होतं.

त्यानंतर वाडीत जे पहिलं बाळ जन्मलं, त्याला न्हाऊ घालायला दुसरी बाई आणली. पुढच्या बाळालाही. जाऊबाई रस्त्याने आल्या की लेकुरवाळ्या बायका आपल्या पोरावर पदर ओढून घ्यायच्या. पाचवीला, बारशाला त्यांना बोलावणं बंद झालं. एक दिवस त्या माझ्या दारात आल्या आणि विचारलं, "तू म्हणलीस का असं?" मी सूप उचललं आणि आत गेले. तेव्हापासून एका अंगणात आमचा अबोला.

पुढे मला मुलगी झाली. तिला मी जाऊबाईंच्या सावलीलाही जाऊ दिलं नाही. गळ्यात, दंडात, कमरेत दोरे बांधले. तरी झोप लागत नव्हती. मुलगी शिंकली तरी मी भिंतीपलीकडे कान लावायची.

ती चार वर्षांची असताना मालकांना येडगाव धरणाच्या बाजूला एका बागायतदाराकडे काम मिळालं. तिथे दोन वर्षं राहिलो. मी टोमॅटो तोडायला जायची. शेजारच्या सरीत एक वयस्क बाई असायची. ती विश्वासी होती, म्हणजे येशूला मानणारी. माझ्या मुलीच्या अंगावरचे दोरे बघून तिने टिंगल केली नाही. एवढं कशाला भेतेस बाय, असं विचारलं. मला कुणी हे विचारलंच नव्हतं. सरीतच बसून रडले.

ती मला रविवारी नारायणगावला प्रार्थनेला घेऊन गेली. पत्र्याची खोली, खाली ताडपत्री, वीस-पंचवीस माणसं. पाळकांनी सांगितलं की येशूने आपलं पाप आपल्या अंगावर घेतलं, आता भिऊन जगायचं कारण नाही. बोलणं साधंच होतं. पण माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. त्या रात्री किती वर्षांनी मला गाढ झोप लागली. पुढच्या आठवड्यात मुलीचे सगळे दोरे कापून कालव्यात सोडले. धरणाच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. बोट ठेवून ठेवून पवित्र शास्त्र वाचायला लागले. मालक म्हणाले, "घरात बाई बदलून आली जणू." याची लाज मला कधी वाटली नाही आणि वाटणारही नाही. प्रभूने मला उचललं हे खरंच आहे.

मग साक्ष द्यायची वेळ आली. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते नव्या माणसाने उभं राहून सांगायचं, अशी मंडळीत रीत आहे. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिले. म्हणाले, "आमच्या घरात करणी व्हती. माझ्या जावेनं केली व्हती. माझं लेकरू त्यात गेलं. पण प्रभूनं मला सोडवलं."

सगळ्यांनी प्रभूची स्तुती केली. बायकांनी जवळ घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी इतकं कान देऊन ऐकलं होतं. नंतर जुन्नरच्या बाजूला सभा असली की मला सांगायचे, ताई तुमची साक्ष द्या. चार-पाच ठिकाणी दिली. वाडीत मी नाव घेतलं नव्हतं. इथे देवापुढे उभं राहून घेतलं. ते खोटं आहे असंही माझ्या मनात आलं नाही. भय गेलं होतं, पण भयाने जे डोक्यात भरवलं ते तसंच राहिलं होतं, आणि त्यालाच मी माझ्या तारणाची गोष्ट करून बसले होते.

आम्ही वाडीला परत आलो, तरी रविवारी मी मुलीला घेऊन एसटीने नारायणगावच्या मंडळीत जात राहिले. मुलगी शाळेत जायला लागली. एकदा अंगणवाडीत नर्सबाई आल्या आणि सगळ्या आयांना बसवून मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते दाखवलं. त्या म्हणाल्या की जुलाबात पाणी बंद केलं तर लेकरू आतून सुकतं, डोळे खोल जातात, टाळू बसते. पाणी, पेज, जे पोटात जाईल ते देत राहायचं. बायका चमच्याचं माप विचारत होत्या. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. ती पेजेची वाटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

घरी येऊन दार लावलं आणि देवापुढे सगळं ओकले. पोराला मी पाणी दिलं नाही, आणि जी पेज घेऊन आली तिच्यावर आळ घेतला, हे माझ्या तोंडाने कबूल केलं. देवाने क्षमा केली असा मला विश्वास आहे. मन हलकं झालं. आणि माझं इथेच चुकलं. देवाशी मिटलं म्हणजे मिटलं, असं धरून मी गप बसले. एका वर्षाहून जास्त. मी हलकी होऊन अंगण झाडत होते आणि पलीकडे जाऊबाई बारशाची गाणी घरात बसून ऐकत होत्या.

मंडळीत शेजारच्या वाडीची एक बाई यायची. एका रविवारी तिने माझ्या मुलीसमोरच विचारलं की तुमची ती करणीवाली जाऊ अजून तिथंच असते का. मी विषय बदलला. घरी आलो तेव्हा जाऊबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. रोज त्यांच्या समोरून उड्या मारत जाणारी माझी मुलगी माझ्या पाठीमागे लपली. जाऊबाईंनी ते पाहिलं. मिरच्या पसरत राहिल्या.

मुलीला आत पाठवून मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, "जाऊबाई, चुकले मी. तुमी काय बी केलं नव्हतं. पाणी मीच तोडलं त्याचं. मला माफ करा."

त्यांनी मान वर केली नाही. "मला सांगून काय उपेग? मी केलं न्हाई हे मला म्हाईतच व्हतं. ज्यांना सांगितलंस, त्यांना सांग."

आधी मंडळीत सांगायचं ठरवलं. पाळकांच्या पत्नीला तसं म्हटलं तर त्या घुटमळल्या. तुमच्या साक्षीने किती जणांचा विश्वास वाढला, आता ती मोडायची कशाला, म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या. मी रविवारी उभी राहिले आणि सांगितलं की जावेबद्दल जे बोलले ते खोटं होतं, करणी झालीच नव्हती, माझ्या अडाणीपणानं लेकरू गेलं आणि दोष मी तिला दिला. कुणी स्तुती केली नाही. पाळकांनी प्रार्थना केली आणि गाणं सुरू झालं. ती शेजारच्या वाडीची बाई जाताना माझ्याशी बोलली नाही. टोमॅटोच्या सरीतल्या म्हातारीने मात्र माझा हात एसटी येईपर्यंत धरून ठेवला.

वाडीतलं अवघड होतं. दोन बारशांना मी गेले आणि न बोलता परत आले. तिसऱ्या वेळी घुगऱ्या वाटून झाल्यावर सगळ्या बसलेल्या असताना म्हणाले, "हापशावर मी जाऊबाईंचं जे बोलले, ते खोटं व्हतं. त्यांच्या हातात काय बी वाईट न्हाई. त्यांना बोलवत जा."

पाळण्याची दोरी ओढत एक म्हातारी हसली. "तुझा देव बदलला म्हणून आता जाऊ बी बदलली व्हय गं?"

सगळ्या हसल्या. एक म्हणाली की यांच्यात करणी मानतच न्हाईत, ती असंच म्हणणार. दुसरीने माझ्या ओंजळीत आणखी घुगऱ्या घातल्या, जशा वेडगळ माणसाला घालतात. मी त्यांच्यातली असताना एक वाक्य बोलले होते, ते सगळ्यांनी उचललं. आता खरं बोलले तर ते ख्रिस्ती बाईचं बोलणं झालं. अकरा वर्षं आधी, किंवा निदान बाप्तिस्म्याच्या आधी मी हे बोलले असते तर? हा विचार मला अजून सोडत नाही. जाऊबाईंना त्यानंतरही कुणी न्हाऊ घालायला बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. मी भाकरी थापत होते.

"बोललीस म्हणं."

"व्हय."

"हसल्या?"

"हसल्या."

"हसू दे. मला वाटलं व्हतं तू कालच्याला बी न बोलताच परत येशील."

मी बसायला पोतं टाकलं. त्या बसल्या. चहा ठेवला, तो दोघींनी प्यायला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही परत विचारलं नाही. कपबशी खाली ठेवून त्या एकदम म्हणाल्या, "त्याच्या डाव्या मांडीवर जन्माचं लासं व्हतं. तिथं तेल लावलं की खदखदून हसायचा." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मोठ्याने, अंग हलवून.

तो गेला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. सुतकातही नाही. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बघा, डोळ्यांत टिपूस नाही. आणि रडल्या असत्या तर आम्ही त्यांना ढोंगी म्हटलं असतं. माझ्या लेकराला सगळ्यात जास्त हाताळणारी ती बाई, तिला त्याच्यासाठी रडायला मी अकरा वर्षं जागा ठेवली नव्हती.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.